विश्लेषण : निवृत्तीनंतर ‘दिवस जात नाही’ असे का होते? हुला, बोन्साय आणि गजालींचा त्यावर काय उतारा?

नोकरी संपली, मुले मुंबई-पुण्यात किंवा परदेशात स्थिरावली आणि नवरा-बायको गावच्या घरी परतली, हे चित्र सिंधुदुर्गात नवे नाही. गोव्याच्या वेशीवर, तेरेखोल नदीकाठी वसलेल्या बांद्यातही अशी घरे आहेत. पेन्शन, औषधे आणि घराची डागडुजी यांचा हिशेब बहुतेकांनी आधीच मांडलेला असतो. रोज हाती येणाऱ्या मोकळ्या दहा-बारा तासांचा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडतो. जपानमध्ये याच प्रश्नाला अनेक निवृत्तांनी हुला नृत्य, बोन्साय आणि मित्रमंडळ असे उत्तर शोधले. त्या उत्तरात बांद्यातल्या जोडप्यांनी घेण्यासारखे काय आहे?

सिंधुदुर्गात हा प्रश्न अधिक तीव्र का?

२०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढच्या लोकांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील दर पाच जणांमागे एक जण साठीपुढचा असेल.

सिंधुदुर्गाची गोष्ट आणखी वेगळी आहे. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ वर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया, हे प्रमाणही तरुण पुरुष कामासाठी बाहेर जातात हेच सांगते. पूर्वी ओढ मुंबईच्या गिरण्यांची होती. आता पुणे, गोवा, आखात आणि त्यापलीकडची आहे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून बांद्यातून परदेश जवळ आला, पण त्यामुळे मुले गावात राहू लागली असे झालेले नाही. चाकरमानी गणपतीत आणि मे महिन्यात येतात, घर भरते आणि पुन्हा रिकामे होते. उरलेले नऊ-दहा महिने त्या घरात दोघेच असतात.

निवृत्तीने नेमके काय जाते?

पगार जातो, हे उघड आहे. पण त्यासोबत आणखी तीन गोष्टी जातात आणि त्यांची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. ठरलेल्या वेळी घराबाहेर पडण्याचे कारण जाते. आपल्यावाचून अडणारे काम जाते. आणि ‘काल का आला नाहीत?’ असे विचारणारी माणसे जातात. पस्तीस-चाळीस वर्षे लोकलचा डबा, कचेरीतला चहा आणि जेवणाची सुट्टी यांतून ही विचारपूस आपसूक होत होती. गावी परतल्यावर ती नव्याने जमवावी लागते.

जपानने हा धक्का आपल्या आधी अनुभवला. तिथे निवृत्त नवऱ्यांसाठी ‘नुरे-ओचिबा’ असा शब्द रूढ झाला. त्याचा अर्थ भिजून जमिनीला चिकटलेले पान. कोकणात पावसाळ्यात अंगण झाडणाऱ्या कुणालाही ते पान चांगले ठाऊक आहे. झाडू कितीही मारला तरी ते निघत नाही. कचेरी सुटलेला नवरा दिवसभर बायकोच्या मागे-मागे राहतो, त्यावरची ही बोचरी उपमा. नवरा निवृत्त झाल्यावर बायकांना डोकेदुखी, निद्रानाश, पोटाच्या तक्रारी सुरू होतात, असे निरीक्षण जपानी डॉक्टर नोबुओ कुरोकावा यांनी १९९१ मध्ये मांडले आणि त्याला ‘निवृत्त नवरा’ याच नावाचा विकार म्हटले.

यातले मर्म आपल्याकडेही लागू पडते. घरातील पुरुष निवृत्त होतो. चूल निवृत्त होत नाही. दुपारी एकट्यापुरते काहीतरी खाऊन पाठ टेकणाऱ्या बाईला आता दोन वेळचा साग्रसंगीत स्वयंपाक, मधला चहा आणि ‘काय करतेस?’ या प्रश्नाचे उत्तर, असे सगळे वाढीव काम येते. जोडपे एकत्र आहे म्हणून दोघांचे बरे चालले आहे, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही. दोघांना आपापली कारणे आणि आपापली माणसे लागतात.

हुला म्हणजे काय? तो जपानी निवृत्तांपर्यंत कसा पोहोचला?

हुला हे हवाई बेटांवरील नृत्य. मूळ हवाईयन समाजात लिपी नव्हती, तेव्हा देवदेवतांच्या कथा, राजांच्या वंशावळी आणि निसर्गाची वर्णने पठण आणि हुला यांतून जपली जात. गुडघे किंचित वाकलेले, पावले जमिनीलगत, कमरेची संथ लय आणि हातांनी सांगितलेली गोष्ट, ही त्याची ओळख. १८२० मध्ये बेटांवर आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांना हा नाच रुचला नाही आणि १८३० मध्ये राणी काहुमानू हिने जाहीर हुलावर बंदी आणली. पुढे राजा कालाकौआने १८८३ च्या आपल्या राज्याभिषेक सोहळ्यात हुलाला पुन्हा मानाचे स्थान दिले. हुला शिकवणाऱ्या गटाला ‘हालाऊ’ म्हणतात आणि गुरूला ‘कुमू’. नाच एकट्याने घोकायचा नसून गटात राहून शिकायचा, ही त्यातली मूळ कल्पना.

जपानमध्ये हुला रुजण्यामागे एक कोळसा खाण आहे. फुकुशिमा प्रांतातील इवाकी येथे खाणी बंद पडू लागल्या तेव्हा तिथल्या कंपनीने खाणीतल्या गरम पाण्याचा उपयोग करून १९६६ मध्ये हवाई पद्धतीचे विहारकेंद्र उभारले. खाणकामगारांच्या मुलींना हुला शिकवून रंगमंचावर आणले गेले. २००६ मधील ‘हुला गर्ल्स’ हा जपानी चित्रपट याच घटनेवर आहे. पुढे शहरोशहरी हुलाचे वर्ग निघाले. त्यात मध्यमवयीन आणि निवृत्त बायका मोठ्या संख्येने आल्या, काही ठिकाणी त्यांच्या मागोमाग नवरेही आले. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, बसूनही करता येतो आणि चुकले तरी शेजारची सांभाळून घेते, ही त्यामागची साधी कारणे.

नाचाने खरेच फरक पडतो का?

काही प्रमाणात पडतो, असे अभ्यास सांगतात. हवाईमध्ये उच्च रक्तदाब आटोक्यात नसलेल्या २६३ मूळ हवाईयन व्यक्तींवर एक चाचणी झाली. एका गटाला रक्तदाबाविषयीची माहिती आणि हुलाचे वर्ग दिले, दुसऱ्याला केवळ माहिती. तीन महिन्यांनी हुला करणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १५ अंकांनी उतरला, दुसऱ्या गटाचा सुमारे १२ अंकांनी. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. फरक थोडा आहे, पण तो औषधाच्या गोळीने घडवलेला नाही.

दुसरा, अधिक गाजलेला अभ्यास न्यूयॉर्कचा. ७५ वर्षांवरील ४६९ जणांवर सुमारे पाच वर्षे लक्ष ठेवून २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले गेले. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. तपासलेल्या शारीरिक हालचालींपैकी असा संबंध फक्त नृत्यात दिसला. पावले लक्षात ठेवणे, ताल पकडणे आणि शेजाऱ्याशी जुळवून घेणे, ही कामे मेंदूला एकाच वेळी करावी लागतात, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण. मात्र ज्यांची स्मृती आधीच शाबूत आहे तेच नाचायला जातात, असेही असू शकते. त्यामुळे नाचल्याने विसरभोळेपणा टळतोच, असा दावा करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला याच्याशी जुळणारा आहे. पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी आणि किमान तीन दिवस तोल व ताकद राखणारे व्यायाम करावेत, असे ती सांगते. म्हातारपणी एक पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे यातून पुढचे आयुष्य अंथरुणाशी बांधले जाऊ शकते. तोल सांभाळण्याची सवय ही त्यावरची स्वस्त तजवीज आहे.

मग बांद्यात हुलाच हवा का?

नाही. हुलात जे आहे ते कोकणात वेगळ्या नावाने आहेच. चतुर्थीच्या दिवसांत घरोघरी फुगड्या रंगतात. फुगडीतही गाणे पाठ लागते, ताल लागतो आणि समोर जोडीदारीण लागते. पुरुषांसाठी भजन आहे. टाळ, पखवाज आणि पेटीच्या संगतीने रात्री रंगणारी डबलबारी तर सिंधुदुर्गाची खासियत. अडचण एवढीच की हे सारे सणावाराशी बांधलेले आहे आणि वेगवान फुगडी सत्तरीच्या गुडघ्यांना पेलणारी नाही.

हुलाकडून घेण्यासारखे ते इथेच. एक, तो सणापुरता नसून दर आठवड्याला ठरलेल्या वारी असतो. दोन, तो वयानुसार संथ करता येतो. त्याच धर्तीवर फुगडीची गाणी तशीच ठेवून पावले संथ करता येतील. ज्यांना उभे राहवत नाही त्यांना खुर्चीवर बसून हातांनी साथ देता येईल. मंगळवारचे भजन फक्त गणपतीतच कशाला, दर मंगळवारी का नको? पुरुष आणि स्त्रियांनी वेगवेगळे जमायचे की एकत्र, हे ज्या-त्या वाडीने ठरवावे. एकत्र जमणे सुरुवातीला अवघड वाटेल, पण नवरा-बायकोला एकमेकांना घराबाहेर, चारचौघांत पाहण्याची संधी त्यातूनच मिळते.

काळजी एवढीच घ्यायची : चक्कर येत असेल, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. फरशी ओली नसावी, आधाराला खुर्ची जवळ असावी आणि सुरुवात वीस मिनिटांपासून करावी.

बोन्साय कशासाठी?

दारात माड, आंबा, फणस असताना कुंडीतले खुजे झाड कशाला, हा प्रश्न कोकणात हमखास येतो. त्याचे उत्तर वयात आहे. सत्तरीत माडावर चढता येत नाही, कलमांना आळी करणे जमत नाही, बागेची कामे गड्यांवर सोपवावी लागतात. आणि गडी मिळणेही सोपे राहिलेले नाही. कट्ट्यावर ठेवलेले बोन्साय मात्र आपल्या दोन हातांत मावते. त्याला रोज पाहावे लागते, पण कष्ट फार लागत नाहीत.

१९७६ मध्ये अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. दोन मजल्यांवरील रहिवाशांना रोपे दिली गेली. एका मजल्यावर रोप स्वतः सांभाळायचे होते आणि दिनक्रमातल्या काही गोष्टीही स्वतः ठरवायच्या होत्या. दुसऱ्यावर परिचारिका सगळे पाहत. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक सजग आणि आनंदी आढळली. प्रयोग लहान होता, त्यावर आक्षेपही आले. तरी मुद्दा पटण्यासारखा आहे : माणसाला कुणाची तरी जबाबदारी हवी असते, फक्त सेवा नको असते.

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असा समज आहे. उपाशी ठेवलेले झाड बोन्साय होत नाही, ते मरते. फांद्या आणि मुळे यांची वेळोवेळी छाटणी करून झाड लहान ठेवले जाते. माती, खत, पाणी त्याला पुरेसे मिळावेच लागते. नीट जपलेली झाडे पिढ्यान् पिढ्या टिकतात. चीनमधून जपानमध्ये गेलेली ही कला १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतील बागवानांनी ओमियाला नेली आणि तिथे बोन्सायचे गावच वसले. महाराष्ट्रातही तिचे चाहते कमी नाहीत. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले होते.

कोकणच्या हवेत ते कसे जपायचे?

महागडे तयार बोन्साय विकत घेण्याची गरज नाही. विहिरीच्या कठड्यावर किंवा चिऱ्याच्या गडग्यात उगवलेले वड, पिंपळ, उंबराचे रोप नाही तरी उपटून टाकावेच लागते. तेच कुंडीत लावता येते. ही झाडे चिवट असतात, शिकाऊ हाताच्या चुका सोसतात. पिंपळ घरात नको, असे ज्यांना वाटते त्यांना चिंच किंवा करवंद आहे.

कोकणात बोन्सायचा खरा शत्रू साचलेले पाणी. पावसाचे चार महिने कुंडीतला ओलावा हटत नाही आणि मुळे कुजतात. म्हणून कुंडीला मोठी भोके असावीत आणि मातीत जांभ्याची बारीक खडी व वाळू भरपूर मिसळावी, सोबत थोडे कुजलेले शेणखत. जुलैतल्या धो-धो पावसात कुंडी पडवीच्या कडेला, उजेड मिळेल अशी ठेवावी. वड-उंबराची कुंडी बदलणे आणि मुळे छाटणे दोन-तीन वर्षांनी, पावसाच्या तोंडावर करावे. उबेत आणि ओलाव्यात नवी मुळे लवकर फुटतात. फांदीला वळण देण्यासाठी तार गुंडाळली असेल तर पावसाळ्यात वरचेवर तपासावी, कारण खोड भराभर जाड होते आणि तार सालीत रुतते. एप्रिल-मेमध्ये उथळ कुंडी अर्ध्या दिवसात कोरडी पडते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी हवेच.

सुरुवात तीन-चार कुंड्यांनी करावी आणि त्या कमरेच्या उंचीच्या कट्ट्यावर ठेवाव्यात. वाकून जड कुंडी उचलण्याच्या नादात पाठ धरली, तर छंदच बंद पडतो.

यात मित्रांचा संबंध कुठे येतो?

मे महिन्यात जोडपे आठ दिवस मुलाकडे मुंबईला गेले तर कुंड्यांना पाणी कोण घालणार? शेजारी. म्हणजे शेजाऱ्याकडे चावी द्यावी लागते, झाडाची माहिती सांगावी लागते, परतल्यावर त्याच्या हातावर मुंबईचा खाऊ ठेवावा लागतो आणि पुढच्या वेळी त्याच्या घराकडे लक्ष ठेवावे लागते. छंद दोघांचा, पण त्याला तिसरा माणूस लागतो. नाचाचे आणि भजनाचेही तसेच. मृदंगावरचा हात गैरहजर असला की सगळ्यांच्या लक्षात येते आणि दुसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी हटकते, ‘काल खंय होतस?’

या एका प्रश्नाचे मोल मोठे आहे. १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१० मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, ज्यांचे नातेसंबंध भक्कम आहेत त्यांची पाहणीच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाने जगातील दर सहापैकी एक व्यक्ती एकाकीपणाने ग्रस्त असल्याचे म्हटले आहे. मोबाइलवरचा मुलांचा व्हिडीओ कॉल या एकाकीपणाला आधार देतो. पण आई न्हाणीघरात पडली, तर फोन उचलला गेला नाही एवढेच त्याला कळते. दार ठोठावायला शेजारीच लागतो.

मालवणी मुलखात गप्पांना ‘गजाली’ म्हणतात आणि त्यासाठी कारण लागत नाही. चाळीस वर्षांनी परतलेल्या माणसाला मात्र त्या गजालीत शिरायला कारण लागते. तो गावचा असला तरी त्याचे बालमित्र पांगलेले असतात आणि जे उरले त्यांच्या लेखी तो ‘मुंबयवालो’ असतो. वडाची फांदी मागायला जाणे किंवा भजनात टाळ धरायला बसणे, हे ते कारण ठरू शकते.

दोघांपैकी एकच उरल्यावर?

या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आणि घरात तो सहसा बोलला जात नाही. आपल्याकडे बायको वयाने लहान असते आणि बायकांचे आयुर्मानही जास्त, त्यामुळे मागे राहण्याची वेळ अधिक करून बायकांवर येते. विधवेने सणासमारंभात मागे राहावे, ही रीत अनेक घरांत अजून पुरती गेलेली नाही. ज्या बाईचा स्वतःचा फुगडीचा किंवा भजनाचा गट आधीपासून असतो, तिला दोन महिन्यांनी परत बोलवायला चार जणी घरी येतात. जिचे सगळे बाहेरचे जग नवऱ्यामार्फत होते, तिच्याकडे कुणी येत नाही. पुरुषांची अडचण उलटी. स्वयंपाक येत नाही आणि मन मोकळे करायला बायकोवाचून कुणी नसते.

म्हणून दोघांनी सगळे छंद एकत्रच करावेत, हा सल्ला अर्धाच खरा. एखादी गोष्ट दोघांची असावी, एखादी तिची आणि एखादी त्याची. झाडाला पाणी कधी आणि किती, हे दोघांनाही ठाऊक असावे, तसेच भात कसा लावायचा हेही.

सुरुवात करायची तर हाताशी काय आहे?

प्रवासाची अडचण बरीच कमी झाली आहे. एसटीत ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे, तर मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. त्यामुळे सावंतवाडीतल्या मित्राकडे किंवा एखाद्या कार्यक्रमाला जाणे खिशाला जड नाही. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. त्यासाठीचे कार्ड धडधाकट असतानाच काढून ठेवावे. ज्येष्ठांसाठीच्या मदतीचा राष्ट्रीय दूरध्वनी १४५६७ आहे. राज्यातील ज्येष्ठ नागरिक संघांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ असून गावात संघ नसेल तर तो कसा काढायचा, याची विचारणा तिथे करता येते.

पण पहिली पायरी यातल्या कशावरच अवलंबून नाही. ती पावसाळ्याआधी उचललेली बरी. तेरेखोलला पूर आला की बाजारपेठेत पाणी शिरते, वाटा बंद होतात, वीज जाते आणि वयस्कर माणसे दिवसेंदिवस घरात अडकतात. एकटेपणाची सवय लागते ती याच चार महिन्यांत. मे संपण्याआधी वाडीतल्या पाच-सहा घरांनी आठवड्याचा एक वार ठरवला, कुणाच्या पडवीत जमायचे ते ठरवले आणि जो आला नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कुणी जायचे हेही ठरवले, तर तेवढे पुरे आहे. नाच कुठला आणि झाड कुठले, हे नंतर ठरवता येईल.